पुरवणीचं पाणी

९ जानेवारी

चि. छोट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मी घसा फाडायचा आणि पंपहाऊसने कान खाल्लेत म्हणून तू पलीकडून नुसतं हो हो करायचं, त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात निदान तू मला मध्येच तोडत नाहीस.

बातमी अशी की ह्या वयात आमच्या घरी कुत्री आली आहे. समोरचे छापखानेवाले धंदा बंद करून मुलाकडे राहायला गेले. जाताना कोऱ्या कागदाची चार बंडलं आणि वर्षाची एक काळी कुत्री आमच्या पायरीवर ठेवून गेले. कागद उत्तम आहे. ह्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की आपल्या संसाराचं पुस्तक शिवून, दाबून, पुठ्ठा चढवून कधीच तयार झालंय, आता ही पुरवणी कुठे चिकटवायची. तेव्हापासून तिचं नाव पुरवणी. लाडात आली की पुरू. लाड कोण करतं ते विचारू नकोस. मी करत नाही आणि हे कबूल करत नाहीत.

अडचण एकच, ती गळते. मुतते असं मी म्हणत नाही, कारण मुतणाऱ्याला आपण मुततोय हे ठाऊक असतं. ही गाढ झोपलेली असते आणि खाली तळं साचतं. उठल्यावर मागे वळून बघते, मग माझ्याकडे बघते, जणू काही मीच केलं. अंगणात नेलं की तिथेही शहाण्यासारखी बसते, म्हणजे शिकलेली नाही असंही नाही. खाण्यात लक्ष नाही, बरगड्या मोजून घ्याव्यात. पाणी मात्र असं पिते की पातेलं भरून मी वळेपर्यंत तळ दिसतो.

घराचं राहू दे, पण दुकानाचं काय? बाइंडरच्या दुकानात जमीन हेच कपाट असतं. ग्रंथालयाचा सात खंडांचा शब्दकोश नव्या कण्यासाठी आलाय. त्यातल्या चौथ्या खंडाला तिने परवा टेकून झोप काढली. मी पान अन् पान टिपकागदाने टिपलं, पंख्याखाली वाळवलं. ग्रंथपालबाईंना अजून सांगितलेलं नाही. तो खंड सध्या खिडकीत हवा खातोय आणि मी जवळ जाऊन वास घेतेय.

शेजारणी म्हणतात नाक दाबून घासा म्हणजे लाज वाटेल. लाज तिला आधीच इतकी वाटते की मला बघवत नाही. तू पाणीखात्यात चावीवाला म्हणून लागलास आणि गळती शोधणाऱ्या पथकाचा प्रमुख होऊन बाहेर पडलास. उभ्या गावाची गळती शोधलीस, एका कुत्रीची सांग.

भावजयीला आशीर्वाद. आठवण काढावी वाटली तर कागदावर काढ.
तुझी
ताई


१३ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून निवृत्तीनंतर प्रथमच कुणीतरी योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारल्यासारखं वाटलं. इथे लोक मला फक्त भाजी कुठली आणू विचारतात, आणि सांगितली तर दुसरीच आणतात.

ताई, गळतीवर जगात दोनच उपाय आहेत. एक, पाइप उघडून दुरुस्त करणे. दोन, पाइप उघडता येत नसेल तर पुरवठा नियंत्रित करणे. तुझ्या बाबतीत दुसरा. चोवीस तास पाणी दिलं की उधळपट्टी होते हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. मी ज्या ज्या भागात वेळा बांधून दिल्या, तिथे आठवड्यात गळती निम्म्यावर आली. लोक आधी ओरडतात, मोर्चा काढतात, मग आपोआप बादल्या भरून ठेवायला शिकतात.

तरी खालीलप्रमाणे करावे. पातेलं सकाळी सात ते साडेसात आणि संध्याकाळी पाच ते साडेपाच. एरवी उचलून वर ठेवावे. दया दाखवू नये. एका घराला दया दाखवली की सगळी आळी हात पसरते. वेळापत्रक भिंतीवर लावावे, म्हणजे भावोजींचाही गोंधळ होणार नाही.

तुझी भावजय म्हणते की कुत्र्याकडे भरून ठेवायला बादली नसते. तिच्या शंका नेहमी अशा बिनतांत्रिक असतात.

निकाल कळवावा. भावोजींना नमस्कार आणि माझ्यावरची माया होती तेवढीच राहू दे.
तुझा
छोट्या


२० जानेवारी

चि. छोट्यास अनेक आशीर्वाद.

कबूल करायला जीभ जड होते, पण तुझं वेळापत्रक लागू पडलं. चार दिवसांत तळ्याचं डबकं झालं आणि डबक्याचा डाग. ह्यांनी वेळापत्रक सोनेरी ठशांत छापून भिंतीवर लावलंय. ते ठसे आम्ही फक्त प्रबंधांच्या पाठीवर वापरतो, तेव्हा तुला घरबसल्या डॉक्टरेट मिळाली असं समज.

पहिले दोन दिवस तिने मोर्चा काढला. खळीच्या भांड्यात तोंड घातलं, मोरीचा नळ चाटत उभी राहिली, कुंडीखालची बशी पालथी केली. आता शांत आहे. दिवसभर पडून असते. जेवण तसंच राहतं, पण तिचं जेवणाशी कधीच पटलं नव्हतं. पाच वाजता पातेलं खाली आलं की संपेपर्यंत मान वर करत नाही, आणि साडेपाचला मी उचलते तेव्हा नुसती बघते.

चौथा खंड वाळला. वास जवळजवळ गेलाय, किंवा माझं नाक गेलंय.

वेळ मिळेल तसं लिहीत जा. तुला आता कुठली घाई आहे.
तुझी
ताई


२४ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. छाती फुगली. तुझ्या भावजयीला दोनदा वाचून दाखवलं, ती दोन्ही वेळा कपडे वाळत घालत होती.

यश मिळालंय तर तिथेच थांबू नये. आता दुसरा टप्पा. संध्याकाळचा पुरवठा चार-चार दिवसांनी पाच मिनिटांनी कमी करत न्यावा आणि महिन्याभरात पूर्ण बंद करावा. सकाळचा तेवढा राहू दे. आमच्याकडे एक अख्खी वसाहत ह्या पद्धतीवर आजही चालू आहे.

सोनेरी वेळापत्रकाची एक प्रत मला पाठव. चौकट मी इथे करून घेईन.

भावोजींना नमस्कार. आशीर्वादाचा हात असाच असू दे.
तुझा
छोट्या


२५ जानेवारी

चि. छोट्यास आशीर्वाद.

परवा दुपारी पुरवणी उठली नाही. हाक मारली तर एक कान हलला. मग ओकली, आणि ओकण्यातही काही नव्हतं. ह्यांनी तिला खोक्यात घालून उचललं तेव्हा खोकंच जास्त जड होतं.

चौकापलीकडे जनावरांच्या डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी तिच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती खाली बसलीच नाही, तंबूसारखी उभी राहिली. पाणी कधी प्यायली विचारलं. मी सांगितलं, सकाळी सात ते साडेसात. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

तिच्या किडन्या जन्मापासून लहान आणि अर्धवट घडलेल्या आहेत. धड किडनी अंगातलं पाणी राखते; हिच्या किडन्यांना ते जमत नाही, आलेलं सगळं सोडून देतात. म्हणून ती इतकं पीत होती. पिणं ही तिची खोड नव्हती, त्यावर ती जगत होती. आपण पाणी तोडलं तेव्हा गळती थांबली नाही, कुत्री वाळत गेली. रक्तातले आकडे असायला हवेत त्याच्या तिप्पट आलेत. झोपेतली गळती हे वेगळंच काहीतरी आहे, पण ते नंतर बघू म्हणाल्या, आधी जगू दे.

हा सल्ला कुणी दिला असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मीच ठरवलं.

तीन दिवस सलाइन चालणार. दवाखान्यात एक लाकडी बाक आहे, त्यावर आम्ही आळीपाळीने बसतो. वाचेल का विचारलं तर त्या औषधाची बाटली बदलायला लागल्या.
ताई


३० जानेवारी

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिते आहे. म्हणजे हे पुढच्या खोलीत बसलेत, पण हल्ली मी समोर नाचले तरी ह्यांना कळणार नाही.

तुमचं पत्र ह्यांनी दारातच फोडलं, पायातल्या चपला तशाच. वाचून झाल्यावरही तिथेच उभे. मग तडक टपाल कचेरीत गेले. त्याआधीच तुम्हाला टाकलेलं दुसऱ्या टप्प्याचं पत्र परत हवं होतं. तिथल्या बाईंनी सांगितलं की पेटीत पडलेलं पत्र निघालं की निघालं, परत मिळत नाही. ह्यांनी विचारलं की मध्ये कुठे चावी नसते का. ती बाई हसली म्हणे. हे तिथल्या बाकावर तासभर बसून घरी आले.

तेव्हापासून पाण्याचा पेला हातात घेतात आणि तसाच खाली ठेवतात. बादलीची शंका माझी होती, पण ती मी एकदाही काढून दाखवलेली नाही. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, इतका संयम मला पूर्वी कधी जमला नव्हता, वन्सं, ह्याची कुठेतरी नोंद व्हावी.

तेवढी एक ओळ पाठवा. कुत्री आहे की नाही एवढीच. रागावून लिहिलंत तरी चालेल. तुम्ही रागावलात तर ह्यांना सवय आहे. गप्प राहिलात तर काय करायचं ते ह्यांना ठाऊक नाही.

भावोजींना नमस्कार. आमच्यावरून मन उठू देऊ नका.
तुमची
भावजय


३ फेब्रुवारी

चि. छोट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

कुत्री आहे. पाणी पी.

एकोणतीस तारखेला घरी आली. आकडे खाली आले, पूर्ण नाहीत. ते पूर्ण कधीच येणार नाहीत. आता घरात चार ठिकाणी पाणी भरून ठेवलंय आणि माझा पाय रोज त्यातल्या एकात जातो. खाणं तिचं वेगळं, डॉक्टरीणबाईंनी ठरवून दिलेलं, पथ्याचं. शिवाय रोज कातडीखाली सुईने सलाइन द्यायचं असतं. मी सुई बघून भिंतीला टेकले. हे मात्र पुढे झाले. चाळीस वर्षं आरीने पुठ्ठ्याला भोकं पाडणारा हात, जरासुद्धा हलला नाही. पुरू ह्यांचं मनगट चाटत होती आणि हे तिला सांगत होते की मला कुत्री मुळीच आवडत नाहीत.

तुझा दुसरा टप्पा पोचला. ह्यांना दाखवला नाही. चौथ्या खंडाच्या कण्याला आतून अस्तर लागणार होतं, तिथे चिकटवून टाकला. बाइंडरच्या घरातले नकोसे कागद असेच नाहीसे होतात. शंभर वर्षांनी कुणी कणा उसवला तर तुझी कीर्ती बाहेर येईल, तोवर गप्प बस.

आणि एक. वेळापत्रक तू लिहिलंस, पण पातेलं उचललं ह्या हातांनी, रोज दोनदा, ती बघत असताना. तेव्हा सगळा दोष एकट्याने पळवू नकोस. लहानपणीही तू दुसऱ्याच्या वाटचं असंच पळवायचास.

आता खरी गोष्ट. पाणी सुरू झालं तशी गळती दुप्पट झाली. मी दिवसातून पाच गोधड्या धुते. ह्यांनी बाइंडिंगच्या कापडाचे लंगोट शिवलेत, कडा दुमडून, अगदी नामी, पण ओल आतच राहते आणि तिच्या मांड्यांची कातडी सोलवटून निघालीय. मलम लावताना ती हूं का चूं करत नाही. परवा डॉक्टरीणबाईंनी ह्यांना तिचं वजन करायला आत पाठवलं आणि मला सांगितलं की एवढं ओलं राहणं बरं नव्हे. त्यातून जंतू वर चढतात, आणि वर जे आहे ते आधीच अधू आहे. असं झालं की पुष्कळ जण शेवटी कायमच्या झोपेचं इंजेक्शन मागतात. त्यांनी मागा असं म्हटलं नाही. लघवी धरणारा स्नायू सैल असेल तर म्हणून गोळ्या दिल्यात, पाच मार्चला पुन्हा यायचंय. तोवर विचार करून ठेवा म्हणाल्या.

हे बाहेर आल्यावर विचारत होते काय म्हणाल्या. मी म्हटलं, मलम बदललं.

तू लिहायचं बंद करू नकोस.
तुझी
ताई


८ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पहिल्या दोन शब्दांवर मी दाराशी बसलो. दुसऱ्या दोनांवर दोन पेले प्यायलो. तुझी भावजय म्हणाली हळू, ठसका लागेल, आणि लागला.

ताई, मी चुकलो. ज्याला मी उधळपट्टी म्हणालो तो त्या जिवाचा श्वास होता, आणि मी तिला पाहिलंसुद्धा नव्हतं. खात्यात असताना मी न पाहता कधी चावी फिरवली नाही. इथे एका पत्रावर फिरवली, कारण तुला माझा सल्ला हवा होता ह्याचाच मला केवढा आनंद झाला होता. ह्याहून जास्त लिहीत नाही, तुला आवडणार नाही.

सल्ला देणं सोडलंय. एकच गोष्ट सांगतो, जिने कुणाचं वाईट होत नाही. माझे कान गेले तेव्हा पथकातले बाकीचे सळई जमिनीला लावून गळती ऐकायचे. मला ऐकूच येईना. मी वही घातली. ओल कुठे, केव्हा, किती, आणि त्या वेळी चावी बंद होती की उघडी, असे चार रकाने. पंधरा दिवस नुसतं लिहायचं, मत द्यायचं नाही. मला ज्या गळत्या सापडल्या त्या ह्या वहीने सापडल्या. तू एक वही घाल. चावी म्हणजे काय ते तुला कळेल: त्याच्या आधी ती अंगणात कधी बसली, आणि मनाने बसली का. पाच तारखेला डॉक्टरीणबाईंना दाखवता येईल. एवढंच.

इंजेक्शनचं भावोजींना सांगू नकोस.

मी पुन्हा काही सांगायला लागलो तर उत्तर देऊ नकोस, पण माझी ताई राहा.
तुझा
छोट्या


२४ फेब्रुवारी

चि. छोट्यास अनेक आशीर्वाद.

वही घातली. बाइंडरला वही घाल म्हणणं म्हणजे मासळीला पोह म्हणणं, पण घातली. कापडी पाठ, शिवलेली, आत तुझे चार रकाने. पंधरा पानांची नक्कल सोबत आहे. हे दिवसभर तिच्या मागे टिपकागद घेऊन फिरतात आणि डागाचा व्यास पट्टीने मोजतात. काल ग्रंथपालबाई शब्दकोश न्यायला आल्या तेव्हा हे जमिनीवर पालथे होते. त्यांना मी सगळं खरं सांगून टाकलं, चौथ्या खंडासकट. त्या म्हणाल्या, आमच्याकडच्या वाचकांनी पुस्तकांचं काय काय केलेलं असतं ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि पुरूला खाजवत बसल्या.

गोळ्यांनी फरक नाही. एका मांडीवर जखम झालीय. पाच तारीख जवळ आली.

ह्यांना ठाऊक होतं रे, छोट्या. काल सुई देऊन झाल्यावर मला म्हणाले की तू ज्या दिवशी मलम बदललं म्हणालीस त्या दिवशी मलम तेच होतं. मग दोघंही खळ ढवळत बसलो.

काही दिसलं तर लिही. सल्ला नको असेल तर शंका लिही.
तुझी
ताई


२८ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पानं जेवणाच्या टेबलावर पसरली आहेत. दोन दिवस आम्ही जेवण मांडीवर घेऊन जेवतोय आणि तुझी भावजय तक्रार करत नाही, ह्यावरून काय ते समज.

शंका लिहितो. माझ्या शब्दावर काही करू नकोस. फक्त डॉक्टरीणबाईंपुढे वही ठेव आणि विचार.

पंधरा दिवसांत ती रोज पाच-सहा वेळा अंगणात मनाने बसली, भरपूर बसली, मधल्या वेळात धरूनही ठेवलं. म्हणजे चावी चांगली आहे. चावी सैल असती तर उठताना, उडी मारताना, भुंकताना फसकन गेलं असतं. तसं एकदाही नाही. भावोजींचे डाग बघ: सगळे आडवं पडल्यावरचे, आणि अंगणात जाऊन आल्यावर दहा मिनिटांतही तितकेच मोठे. टाकी नुकती रिकामी झालीय, चावी बंद आहे, तरी पाणी येतंच आहे.

असं मी एकदा पाहिलंय. एका वसाहतीत मुख्य चावी बंद केली तरी एका बागेत चिखल. तीन जणांनी चावी बदलली. शेवटी खणलं तेव्हा दिसलं की ज्याने पाइप टाकले त्याने एक नळी टाकीत सोडायच्या ऐवजी चावीच्या पलीकडे जोडून दिली होती. ती नळी चावीला विचारतच नव्हती.

किडनीकडून लघवीच्या पिशवीकडे दोन नळ्या येतात एवढं मला शाळेतलं आठवतं. त्यातली एखादी जन्मतःच पिशवीच्या पलीकडे उघडत असेल असं होऊ शकतं का? ज्याच्या किडन्या अर्धवट घडल्या, त्याच्या नळ्यांचं कामही त्याच कारागिराकडे असणार.

मला ह्यातलं काही कळत नाही हे मला आता कळतं. रागावू नकोस.
तुझा
छोट्या


१० मार्च

चि. छोट्यास खूप आशीर्वाद.

पाच तारखेला मी वही आणि तुझं पत्र दोन्ही टेबलावर ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी आधी वही पाहिली. मग पत्र वाचलं. मग वही पुन्हा पहिल्या पानापासून. पुरू टेबलावर ह्यांच्या कोपरात तोंड खुपसून उभी. मग त्या म्हणाल्या की असं असतं, लहान कुत्र्यांत असतं, आणि किडन्यांनी इतकं घाबरवलं नसतं तर आपल्याला आधी सुचायला हवं होतं. सल्ला कुणी दिला, असं त्यांनी परत विचारलं. ह्या खेपेला मी म्हटलं, माझ्या भावाने.

सोमवारी मोठ्या इस्पितळात तपासणी झाली. बारीक कॅमेरा आत घालून पाहिलं. डावी नळी पिशवीच्या भिंतीतून तशीच पुढे जाऊन चावीच्या पलीकडे उघडते. तिथल्या सर्जनने आम्हाला पडद्यावर दाखवलं. मला राखाडी ढगापलीकडे काही दिसलं नाही, पण हे मान हलवत होते, जणू दोघांनी मिळूनच शोधलं.

नळी पिशवीत आणून जोडता येते. वीस तारीख ठरलीय. पण ऐक. अशा किडन्यांना भूल झेपेल की नाही ह्याची खात्री कुणी देत नाही. झेपली तरी गळती थांबेलच असंही नाही. काहींची थांबते, काहींची कमी होते. सर्जनने सगळं सांगून आम्हाला बाहेर बसवलं आणि ठरवा म्हणाला. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, इंजेक्शनचा विचार करायला तुला महिना दिला होता, ह्याला दहा मिनिटं पुरेत.

काळजी करायची असेल तर जेवून कर.
तुझी
ताई


२१ मार्च

चि. छोट्यास.

तीन तास लागले. जागी झाली. पहिल्यांदा शेपटी हलली, मग डोळे उघडले. मी उभ्याने लिहितेय, भावजयीला लगेच सांग.
ताई


२६ एप्रिल

चि. छोट्या आणि भावजयीस अनेक उत्तम आशीर्वाद.

महिनाभर मी मुद्दाम काही नक्की लिहिलं नाही. नुसतं बरी आहे, टाके सुकले, एवढंच. कारण गळतच होती. पहिल्या आठवड्यात पूर्वीइतकी, दुसऱ्यात थोडी कमी. सर्जन म्हणाला होता सूज उतरू द्या, पण सांगणाऱ्याला काय, गोधड्या मी धूत होते. तिसऱ्या आठवड्यात ह्यांनी वहीत डागांच्या जागी रुपयाएवढा, बटणाएवढा असं लिहायला सुरुवात केली. मी त्यावर विश्वास ठेवला नाही. माझा नवरा आशेवर असला की त्याची पट्टी आखडते, हे मला माहीत आहे.

गेल्या सोमवारी सकाळी मी तिची गोधडी उचलली आणि ती कोरडी होती. मला वाटलं रात्री दुसरीकडे झोपली असेल. सगळ्या खोल्या पायांनी चाचपल्या. मंगळवारी कोरडी. बुधवारी ह्यांनी गुडघे टेकून गोधडीला गाल लावला आणि तसेच राहिले. मला वाटलं कंबर धरली. जवळ गेले तर रडत होते, आणि पुरू ह्यांच्या पाठीवर पुढचे पाय ठेवून उभी होती. मी काही पाहिलं नाही असं करून दुकानात गेले आणि पानांचा एक फर्मा उलटा शिवला. उसवून पुन्हा शिवावा लागला.

आज सातवा दिवस. मांडीवर नवी कातडी आलीय, गुलाबी, त्यावर काळी लव फुटतेय. वजन दीड किलोने वाढलं. परवा पथ्याचं खाणं संपवून तिने वाटी दुकानभर ढकलत नेली. चाळीस वर्षांत त्या जमिनीवर एवढा गोंगाट कुणी केला नव्हता.

किडन्या मात्र त्याच. आकडे जिथे थांबलेत तिथे थांबलेत. दर तीन महिन्यांनी रक्त, पथ्य कायमचं, पाणी कायमचं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं किती वर्षं. त्या म्हणाल्या दोन, पाच, कदाचित त्याहून जास्त, लिहून कुणी देणार नाही. मी म्हटलं मलाही कुणी लिहून दिलेलं नाही, मी कधी विचारायलाही गेले नाही. तेव्हा आम्ही दोघीही अशाच राहू.

तुम्ही दोघं या. तुला अजून ती भेटलेलीच नाही. ये, आणि तिच्यासमोर अपराध्यासारखा बसू नकोस. तिला त्यातलं काही आठवत नाही, आणि तिला खाजवून घ्यायला मोकळे हात लागतात. ग्रंथपालबाई आता आणखी एक

थांब, मध्येच उठून आले. पुरू दाराशी उभी आहे. दार बंद आहे आणि तिने पंजाने एकदा, फक्त एकदा, खरवडलं आणि वळून माझ्याकडे बघितलं. आजवर आम्हीच तिला घड्याळ बघून नेत आलो. तिने स्वतः कधी मागितलं नव्हतं. ती मागतेय, छोट्या. तिला कळलं, आणि ती माझ्यासाठी थांबलीय. हे पलीकडून ओरडतायत की जा, पत्र मग लिही.

जाते.
तुझी
ताई